फुटत नाही, उघडते

रविवार, ६ नोव्हेंबर २००५

पोचले. ट्रंक, दोन बॅगा, जिरेनियमची कुंडी आणि मी, सगळे धड. एसटीने सिन्नर सोडलं, खिडकीतून गार वारा आला आणि मी एकटीच हसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, माहेरी का? मी हो म्हटलं. छप्पन्न वर्षांच्या बिनलग्नाच्या बाईला वेगळं माहेर असतं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

जुन्या पंडित कॉलनीतलं दादांनी, म्हणजे वडिलांनी, घेतलेलं हे तळमजल्याचं घर आहे तसंच आहे. दोन खोल्या, ओटा, ओट्यासमोर सीताफळाचं झाड. कुसाबाईंनी वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं. त्या हरसूलकडच्या, चार वर्षांपासून आईजवळ राहतात. माझी ट्रंक बघून म्हणाल्या, आमच्याकडं एवढ्यात नवरीचा अख्खा संसार मावतो, आणि ही म्हणे एकटीची कापडं.

आई ओट्यावर खाटेवर बसली होती. मला पाहून तिने हात जोडले आणि नर्सबाई, तुमची ड्यूटी कितीपर्यंत, असं विचारलं. मी सांगितलं, आता कायमचीच. तिला बरं वाटलेलं दिसलं. मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

तिचे हात मात्र क्षणभर स्वस्थ नसतात. पदराचा काठ चिमटते, चादरीचा दोरा ओढते, काही नसलं तर स्वतःचीच बोटं चाळवत बसते. बघणाऱ्यालाही मग बसवत नाही.

दोन वर्षांपासून तिची आठवण सांडते आहे. म्हणून ही वही. तिचं सांडलेलं मला भरता येणार नाही, पण माझं तरी कागदावर राहील. शाळेतल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, रोज पाच ओळी लिहिणारी मुलगी कधी हरवत नाही.

गुरुवार, १० नोव्हेंबर

डॉक्टर रंगनाथ पिंगळ्यांकडे रुजू झाले. पुण्याच्या कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळल्यावर घरी बसून राहणं मला जमलंच नसतं. डॉक्टर वीस वर्षं परदेशात होते. तिथली एक प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा तिची जुनी यंत्रं बोटीने आणली आणि गंगापूर रोडच्या मागे वडिलांच्या दगडी बंगल्यात मांडली. माणसं आम्ही दोनच. घरापासून चालत दहा मिनिटं.

डॉक्टर काय शोधतात ते संध्याकाळी कुसाबाईंना सांगितलं, तेच इथे लिहिते. आपल्या अंगातल्या काही पेशी पोटात बारीक पिशव्या भरून ठेवतात. घाबरल्यावर छाती धडधडते ती अशाच पिशव्यांमधल्या रसाने. भरलेल्या पिशव्या पेशीच्या काठाशी येऊन थांबतात, स्टँडवर बसची वाट बघणाऱ्या माणसांसारख्या. खूण मिळाली की पिशवीचं आवरण पेशीच्या आवरणाला भिडतं, मधे छिद्र पडतं आणि आतलं बाहेर जातं. दोन भिंतींची एक भिंत कशी होते, एवढाच डॉक्टरांचा प्रश्न. वीस वर्षं एवढाच.

सकाळी डॉक्टरांशी बोलताना मी सहज म्हटलं, पिशवी फुटते. डॉक्टर थांबले.

"फुटत नाही, ललिताताई. उघडते. फुटलं तर सगळंच वाया."

मग त्यांनी समजावलं. कधी छिद्र जरासं उघडतं आणि मिटतं, पिशवी मागे फिरते. पण एकदा पूर्ण उघडली की तिचं आवरण पेशीच्या आवरणात पसरून जातं. त्यानंतर कुठलं कोणाचं, ते कोणालाच सांगता येत नाही.

कुसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे पिठाचे दोन गोळे. चिकटले की चिकटले. एवढ्यासाठी साहेब बोटीनं मशीन घेऊन आले?

रविवार, २० नोव्हेंबर

आज मुद्दाम कॉन्व्हेंटवरून चालत आले. फाटक नवं आहे, चिंच तीच. उभी राहिले तर सगळं आलं. सिस्टर फिलोमिनांचं छातीवर उलटं टाचलेलं चांदीचं घड्याळ. माझ्या बाकावरची नोएला, तिच्या दोन लाल रिबिनी. चॅपलमधला मेणाचा आणि ओल्या लाकडाचा मिसळलेला वास. सगळ्या मिळून गाताना मी दुसऱ्या आवाजात असायचे, मुख्य चालीखालच्या साथीच्या सुरात. दुसरा आवाज एकटा ऐकला तर गाणं ओळखूही येत नाही, पण तो नसला तर गाणं उघडं पडतं. आईला मी तो कधी ऐकवला नाही. घरी गायची ती गोष्ट नव्हतीच.

आता वही काढलीच आहे तर तेही लिहिते.

एकसष्ट साल, मी सातवीत. बक्षीस समारंभाच्या गडबडीत डबा विसरले. आई दोन मैल चालत आली. लुगडं, अनवाणी पाय, फडक्यात बांधलेला पितळी डबा. वणीजवळच्या शेतकऱ्याची चौथी शिकलेली लेक ती, आणि दादांचा हट्ट की मुलगी कॉन्व्हेंटातच शिकेल. फाटकाच्या आत मी आणि नोएला. शाळेत मराठीला बंदी होती, पण नोएलाने मराठीतच विचारलं, ही कोण? आणि मी म्हणाले, "ही आमची कामाची बाई."

आई चार पावलांवर होती. तिने गजांतून डबा दिला, भाकरी गरम आहे, लगेच खा, एवढं म्हणाली आणि गेली. त्या दिवशी नाही, नंतर नाही, कधीच त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

तिने ऐकलं होतं का? चव्वेचाळीस वर्षं मला एवढंच विचारायचं आहे. तेव्हा धीर नव्हता. आता धीर आहे, तर तिच्याजवळ तो दिवसच उरलेला नाही.

शनिवार, ३ डिसेंबर

थंडी आणि लोडशेडिंग एकदमच आली. सकाळी साडेसात ते अकरा वीज नसते. इन्व्हर्टरवर सूक्ष्मदर्शक चालतो, पेशी ठेवायची उबदार पेटी चालत नाही. दगडी बंगला सकाळी विहिरीसारखा गार. पेशींना सदतीस अंश लागतात, ना जास्त ना कमी. सोमवारी मी गरम पाण्याच्या पिशवीवर पेशींचा एक फ्लास्क, म्हणजे त्या वाढवायची चपटी बाटली, ठेवला; त्यातल्या पेशी मेल्या. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत.

आता एकच फ्लास्क उरला आहे. त्यातच वासराच्या रक्ताचं सीरम, जे या पेशींचं खाणं, ते मुंबईला गोदीत अडकलं आहे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर काढला तर नशीब.

मी त्यांना सांगितलेलं नाही. कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीत स्वतःचं रक्त काढून घेतलं, गोठू दिलं आणि वरचं पिवळं पाणी फ्लास्कमध्ये घातलं. सत्तर साली आमचे सर असंच करायचे. आणि सदतीस अंशाचं म्हणाल, तर घरात एक जागा दिवसभर सदतीस अंशच असते. वीज गेली की फ्लास्क शालीत गुंडाळून पोटाशी धरून घरी आणते आणि आईच्या ओटीत देते. वरून गोधडी. अकराला परत नेते.

दुसरी गोष्ट अशी की फ्लास्क हातात आला की आईचे हात थांबतात. दोन वर्षांत पहिल्यांदा थांबले. दोन्ही तळव्यांत धरून नुसती बसून राहते. कुसाबाई म्हणतात, तुमचं पिल्लू आलं का, दूध प्यायलं का. पण सकाळी त्यांनी हळूच असंही सांगितलं की ताई, रक्त तुमचं आणि ऊब आजींची, हे काही बरं नाय. आमच्यात असं फक्त पोटात असतं.

मी हसले. छान बोलतात त्या.

सोमवार, १२ डिसेंबर

पेशी जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, अशा भरल्या आहेत की डॉक्टरांनी मला दोनदा सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. काठाशी पिशव्यांची दाटी. काय केलंत, म्हणाले. मी म्हटलं, शेकत ठेवते.

आज एक गंमत. कुसाबाई बाजारात होत्या म्हणून भाकरी मी थापायला घेतली. आयुष्यात मला भाकरी आली नाही, चिरतेच. आज हात आपोआप फिरला. काठ पातळ, मधे भरीव, तव्यावर पडल्याबरोबर टम्म फुगली. आईच्या हातची असायची तशी. मी चार केल्या. आनंदाने.

सोमवार, १९ डिसेंबर

डॉक्टर बेचैन आहेत. पेशीजवळ बारीक तार ठेवली की उघडलेल्या प्रत्येक पिशवीचा कागदावर एक सुळका उमटतो. खूण दिल्यावर उमटायला हवा. या पेशी खूण न देताच उघडत आहेत. कागद सुळक्यांनी भरला. डॉक्टर पुन्हा पुन्हा तारा तपासत होते. मी फ्लास्कजवळून उठून खिडकीशी गेले तेव्हा सुळके थांबले. परत आले, सुरू. डॉक्टरांनी ते पाहिलं नाही. मी पाहिलं.

घरी आले तर आई कुसाबाईंना सांगत होती की नोएलाच्या रिबिनी धुवायच्या राहिल्या.

आईला नोएलाचं नाव मी कधी सांगितलेलं नाही.

सांगितलं असेन. लहानपणी. मुली घरी येऊन शाळेतलं सगळं सांगतात. मीही सांगितलं असणार.

रविवार, २५ डिसेंबर

सकाळी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसले. दर वर्षी जाते, नुसतं ऐकायला. सगळ्यांनी गायला सुरुवात केली, मीही तोंड उघडलं आणि माझा आवाज सापडेना. चाल येत होती, ती कोणालाही येते. माझा दुसरा आवाज नव्हता. जिथे तो असायचा तिथे जीभ पडलेल्या दाताच्या खळीत फिरावी तशी फिरत राहिली.

परतले. ओट्याच्या पायऱ्या चढताना ऐकू आलं. आई गुणगुणत होती. चाल नव्हे. खालचा, एकटा, कोणतंही गाणं न वाटणारा तो आवाज. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठे श्वास घ्यायचा तिथेच श्वास घेऊन.

कुसाबाई म्हणाल्या, आजी सकाळपासून काहीतरी बडबडगाणं म्हणतात, खुशीत आहेत.

मी बाजूला बसले. तिला विचारलं, कुठे शिकलीस? ती माझ्याकडे बघून गोड हसली, जसं आपण दुसऱ्याच्या आजीकडे बघून हसतो.

मंगळवार, ३ जानेवारी २००६

नीट लिहायला हवं. घाईने लिहू नये.

मागची पानं वाचली. त्यात एका सिस्टरचं घड्याळ आहे. अक्षर माझं आहे. घड्याळ आठवत नाही. चॅपलचा वास लिहिला आहे, तो येत नाही. नोएला म्हणजे कोण ते वाचून कळतं, जसं बातमी वाचून कळतं.

आणि त्या जागी दुसरं येतं आहे. वणीच्या मळ्यातली विहीर, तिच्या तिसऱ्या पायरीवरचं शेवाळ. चांदी नावाची गाय. ती माझ्या जन्माआधीच विकली होती, पण तिच्या मानेखालची लोंबती कातडी माझ्या हाताला आठवते.

काल संध्याकाळी भाजी निवडताना एकदम कंबरेतून कळ आली. दुखत नव्हतं काही. आठवलं होतं. एक अंधारी खोली, दोराला धरलेले हात, सुईणीचा तंबाखूचा वास, मग एक भयंकर उघडणं आणि ओलं, गरम, किंचाळणारं काहीतरी. मला मूल झालेलं नाही. पण ते माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मी त्याच्या कानामागचा तीळ पाहिला.

तो तीळ माझ्या कानामागे आहे.

डॉक्टर आज लहान मुलासारखे खूष होते. तबकडीत दोन पेशी एकमेकींना भिडून एक झाल्या आहेत. एका आवरणात दोन केंद्रकं. असं या पेशींत होत नाही, म्हणाले. मग बराच वेळ बघून म्हणाले, त्यातलं एक आकसत चाललं आहे.

सोमवार, ९ जानेवारी

आज फ्लास्क घरी आणला नाही. प्रयोगशाळेतच पोटाशी धरून बसले. एक तास. हात थांबेनात. शालीचे दोरे ओढून ओढून काढले.

घरी आई रडत होती. बाटली द्या म्हणून नव्हे. तिला इंग्रजीत काहीतरी सांगायचं होतं आणि कुसाबाईंना कळत नव्हतं. मी गेले. ती स्वच्छ, वर्गात उभं राहून बोलावं तसं बोलली.

मला त्यातला अर्धाच अर्थ लागला.

मी इंग्रजीत शिकले आहे.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. ठरवलं होतं की आज फ्लास्क ओतून टाकायचा. डॉक्टरांना सांगायचं, मेल्या पेशी. मोरीपर्यंत गेलेही.

ओट्यावरून हाक आली. "लले."

दोन वर्षांनी. मी धावत आले. आई माझ्याकडेच बघत होती, डोळे ओले, ओळख असलेले. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने केसांतून हात फिरवला, तिळगुळ भरवला. इतकं बरं वाटलं. आता कोणाला काही विचारू नये, असं वाटलं.

मग वर पाहिलं तर ती हात फिरवत होती माझ्या केसांतून आणि बघत होती समोरच्या कपाटाच्या आरशात. स्वतःकडे. पुन्हा म्हणाली, लले. हळूच. नाव नीट बसतंय का ते बघावं तसं.

ओतायला हवं होतं. पण आठवण येते आहे तिला. कोणाची का असेना. मला तो एक दिवस हवा आहे. तो आला की विचारायचं, ऐकलंस का. मग ओतायचं. फक्त तेवढंच.

मंगळवार, १७ जानेवारी

विचारलं.

सकाळी ऊन ओट्यावर आलं होतं. फ्लास्क तिच्या ओटीत. कुसाबाई पाणी भरत होत्या. मी म्हटलं, आई, शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन आली होतीस, बक्षीस समारंभाच्या दिवशी. आठवतं? ती लगेच हो म्हणाली. चिंच सांगितली. नोएला कुठे उभी होती ते सांगितलं.

"मग मी जे म्हणाले, ते तू ऐकलंस का?"

ती चकित झाली. माझी दया आल्यासारखी तिने माझा हात धरला.

"मी कशाला ऐकू? मीच तर म्हणाले."

मग ती रडायला लागली. अगदी माझ्यासारखी, आवाज न करता, खालचा ओठ आत घेऊन. म्हणाली, चव्वेचाळीस वर्षं झाली आई, तुला विचारायचंय. तू ऐकलं होतंस का?

तिने मला आई म्हटलं.

आणि मी आठवून बघितलं. ते फाटक. मी आठवलं आणि मी आत नव्हते. गज माझ्या समोर होते. पाय पोळत होते. डबा —

बुधवार, १८

ओतला. सगळा. मोरीत, वर उकळतं पाणी. कुसाबाईंनी मोरीवर हळद टाकली, पुटपुटल्या काहीतरी. फ्लास्क फोडला.

डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, ती जोडपेशी काल रात्रीच बघितली मी. आता एकच केंद्रक आहे. सुळके पण बंद. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, ललिताताई.

पूर्ण उघडली की कुठलं कोणाचं ते —

मी वेळेत थांबले असते तर छिद्र मिटलं असतं. मिटतं कधी कधी. पिशवी मागे फिरते. मला एवढंच विचारायचं होतं.

शनिवार, २१

ओतून काही झालं नाही. रोज थोडं जातं. आज दादांचं पुढचं नाव गेलं. पुण्यातलं घर, जिना आहे, दार नाही.

पानावर उद्याची तारीख आधीच लिहिलेली होती. माझ्या अक्षरात. आईच्या बोटाला शाई.

कुसाबाईंनी आईच्या गोळ्या आणल्या. आधी तिच्याकडे गेल्या, थबकल्या, मग माझ्याकडे आल्या. आजी, घ्या, म्हणाल्या. लगेच जीभ चावली. नंतर स्वयंपाकघरात रडत होत्या.

दुपारी परत आजी म्हणाल्या. जीभ चावली नाही.

गुरुवार, २६

रेडिओवर बँड. डॉक्टर आले होते, मी कामावर का येत नाही विचारायला. त्यांच्याशी ती बोलली. इंग्रजीत, भराभर, पिशव्या, आवरण, सगळं. डॉक्टर उभेच. माझ्याकडे बघत नव्हते.

मला बोलायचं होतं की मी ललिता. तोंडातून निघालं, चहा घ्या.

हात थांबत नाहीत. वहीचा दोरा ओढते. पानं सुटली काही.

सोमवार असावा

फाटक रोज येतं. डोळे मिटले की. डोळे उघडे असले तरी. चालत येते मी, दोन मैल, पायाला फुफाटा. फाटकाशी थांबते. पोरगी मान वळवते, तोंड उघडते, आणि ऐकायच्या आत सगळं जातं. पुन्हा रस्ता. पुन्हा फुफाटा.

ती आली जवळ. घास भरवला. पाठीवरून हात फिरवला. म्हणाली सांग ना आई, ऐकलं होतंस का, एकदाच सांग. ती कोण आहे मला —

चांगली आहे. शिकलेली आहे. नर्सबाई आहे वाटतं.

वार माहीत नाय

कुसा म्हणते लिहू नका आजी, डोळं दुखतील. लिहिते. चौथी शिकली मी. कोणी म्हणायचं रोज पाच ओळी लिहिल्या की हरवत नाय. कोण ते —

चांदीला पाणी दावलं का कोणी. लय ऊन हाय.

पोरगी डबा विसरली. भाकरी केली. काठ पातळ, मधी भरीव. तिला तशी लागते. पोचायला हवं घंटेच्या आधी.

चालले. लय लांब हाय. पाय पोळतात.

फाटक आलं. चिंच हाय. डबा फडक्यातून पोळतो, पण घट्ट धरलाय. आत माझी लली. किती नीट दिसते शाळेच्या कपड्यांत, एकदम साहेबाच्या पोरीवानी. तिच्या शेजारी लाल रिबिनीची. ती विचारते माझ्याकडं बोट करून. लली वळली. आज सगळं थांबलंय, जात नाय. वारा नाय. चार पावलं लांब हाय मी, ऐकू येतंय, सगळं ऐकू येतंय पोरी, तोंड उघडलं तिनं, म्हणते, ही आमची —